श्रीखंडाच्या डब्यातलं झुरळ

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. मधल्या सुट्टीत अकरावी सायन्सची एक मुलगी श्रीखंडाचा अर्धा किलोचा डबा दोन्ही हातांनी धरून स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. मागे तिच्याच वर्गातला एक मुलगा, हातात नऊ व्होल्टची बॅटरी आणि तारांचं भेंडोळं. डब्याच्या झाकणाला सुईनं भोकं पाडलेली होती. सव्वीस वर्षं जीवशास्त्र शिकवल्यावर असा डबा दिसला की आत काहीतरी जिवंत आहे एवढं कळतं. बहुतेक वेळा सुरवंट निघतो, एकदा पालीचं पिल्लू निघालं होतं.

या वेळी झुरळ होतं. स्वयंपाकघरातलं बारकं नव्हे. पावसाळ्यात गटारातून वर येतं ते मोठं, तांबूस, मानेवर पिवळट कडा असलेलं. अकरावीच्या पुस्तकात ज्याच्यावर अख्खं प्रकरण आहे ते, पेरिप्लॅनेटा अमेरिकाना. त्याच्या मानेवरची ढाल पॉलिश पेपरनं घासून तिथे फेविक्विकनं बर्ग स्ट्रिपचा, म्हणजे तारा जोडायच्या पिनांच्या पट्टीचा, एवढासा तुकडा चिकटवला होता. डावी मिशी निम्मी कापलेली आणि उरलेल्या थोटकात जुन्या हेडफोनमधली केसाएवढी तार घातलेली. दुसरी तार छातीत, टाचणीनं पाडलेल्या भोकातून.

"सर, सायबोर्ग," मुलगी म्हणाली. म्हणजे अर्धा जीव, अर्धं यंत्र. "डिसेंबरच्या प्रदर्शनासाठी."

हे सगळं लिहून ठेवतोय कारण विज्ञान मंडळ चालवणाऱ्या प्रत्येकाच्या दारात हा डबा आज ना उद्या येणार आहे. कृती इंटरनेटवर आहे, सामान लॅमिंग्टन रोडवर आहे आणि मुंबईत झुरळं फुकट आहेत. मुलं अजून आमच्याच कॉलेजात असल्यामुळे कोणाचंच नाव देत नाही. दक्षिण मुंबईतलं एक कनिष्ठ महाविद्यालय, एवढं पुरे.

मुलगी गिरगावातल्या एका चाळीत राहते. जिन्याखाली लाकडी टेकू लागून तीन वर्षं झाली आहेत आणि दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी जाहीर झाली की घरात कुजबुज सुरू होते. तिच्या आजोबांच्या बोलण्यात दोन नावं सारखी यायची: डॉकयार्ड रोडची बाबू गेनू इमारत, सप्टेंबर २०१३, ६१ मृत्यू, आणि भेंडीबाजारातली हुसैनी इमारत, ऑगस्ट २०१७, ३३ मृत्यू. भेंडीबाजारात गल्ली इतकी अरुंद की मोठं यंत्र आत नेणं हेच मोठं काम होतं. मग २०२५च्या एप्रिलमध्ये तिनं बातमी वाचली: म्यानमारच्या भूकंपानंतर सिंगापूरच्या बचाव पथकानं ढिगाऱ्यात दहा सायबोर्ग झुरळं नेली. पाठीवर इन्फ्रारेड कॅमेरा. त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच: आपल्याकडे का नाही?

हे मला नंतर कळलं. त्या मधल्या सुट्टीत मी विचारलंच नाही. मी काय केलं ते लिहिणं भाग आहे, नाहीतर पुढचा सगळा शहाणपणा खोटा ठरेल.

मुलानं बॅटरी जोडली. ५५५ टायमरचं साधं सर्किट, सेकंदाला पन्नास-पंचावन्न ठोके देणारं, आणि एक पुश बटण. रिमोट वगैरे काही नव्हतं. झुरळाचं वजन जेमतेम ग्रॅमभर, त्याच्यावर बॅटरी चढवली असती तर ते जागचं हललं नसतं. म्हणून टेबल लॅम्पच्या दांड्यावरून दोन तारा खाली सोडल्या होत्या. झुरळ टेबलावर सरळ चाललं. मुलानं बटण दाबलं. झुरळ उजवीकडे वळलं. पुन्हा दाबलं, पुन्हा उजवीकडे. डावीकडे वळवायची सोय नव्हती, कारण उजवी मिशी अजून शाबूत होती. ते रविवारचं काम होतं.

"बघू," मी म्हणालो आणि बटण घेतलं. चार वेळा दाबलं. चारही वेळा ते वळलं आणि चारही वेळा मला आनंद झाला. भौतिकशास्त्राच्या मॅडमनी टाळी वाजवली. मोबाइल निघाले. दहाव्या-बाराव्या वेळी मात्र झुरळानं दाद दिली नाही. बटण दाबलेलं असतानाही ते सरळ टेबलाच्या कडेपर्यंत गेलं आणि तारेला लोंबकळलं. सगळे हसले. माझं हसू तिथेच अर्धवट राहिलं.

ते वळतं का, आणि वळायचं का थांबतं

"आपण झुरळ चालवतोय," असं मुलगा म्हणत होता. ते बरोबर नाही, आणि पुढचा सगळा वाद या एका चुकीत गुरफटला आहे.

झुरळाला अंधारातली वाट मिशा दाखवतात. भिंतीच्या कडेनं धावताना एक मिशी भिंतीला घासत असते आणि त्या घासण्यावरून ते अंतर राखतं. डाव्या मिशीला पुढून काही लागलं तर डावीकडे अडथळा आहे, म्हणून ते उजवीकडे वळतं. मिशीच्या चेतातंतूला विजेचे बारीक ठोके दिले की मेंदूपर्यंत पोचणारा निरोप जवळपास तसाच असतो: डावीकडे काहीतरी आहे. पाय झुरळाचेच, निर्णयही झुरळाचाच. आपण फक्त नसलेली भिंत दाखवतो. म्हणजे आपण त्याच्याशी खोटं बोलतो.

आणि लांडगा आला रे आला असं किती वेळा ओरडणार? दहा-बारा वेळा भिंत नसल्याचा अनुभव आल्यावर झुरळाची चेतासंस्था त्या निरोपाकडे दुर्लक्ष करू लागते. थोडी विश्रांती दिली की पुन्हा फसतं, मग पुन्हा शहाणं होतं. अमेरिकेतल्या बॅकयार्ड ब्रेन्स या छोट्या कंपनीनं २०१३ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर पैसे उभे करून शाळकरी मुलांसाठी असाच संच विकायला काढला, तेव्हाही हेच दिसत होतं: काही मिनिटांत परिणाम ओसरतो, काही दिवसांत पार संपतो. त्या संचावर तेव्हा बरीच टीकाही झाली. मुलांना जीव म्हणजे खेळणं वाटायला लागेल, हा त्यातला मुख्य आक्षेप. बनवणाऱ्यांचं उत्तर असं की मेंदूचे आजार समजून घ्यायचे तर पुढची पिढी लहानपणीच चेतापेशींच्या प्रेमात पडायला हवी. दोन्ही बाजू मला पटतात, ही माझी अडचण.

कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. टोकियो विद्यापीठात इसाओ शिमोयामा आणि राफाएल होल्त्सर यांनी १९९७ मध्ये अमेरिकन झुरळाला, म्हणजे आपल्या गटारातल्याच जातीला, विजेच्या ठोक्यांनी वळवून दाखवलं. २००६ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेनं कीटकांच्या शरीरात सूक्ष्म यंत्रणा बसवण्यासाठी खास कार्यक्रम काढला. त्याच पैशातून बर्कलीत हिरोताका सातो आणि मिशेल महारबिझ यांनी २००९ मध्ये मोठ्या भुंग्याचं उडणं रेडिओनं सुरू आणि बंद करून दाखवलं. सातो पुढे सिंगापूरच्या नानयांग विद्यापीठात गेले. म्यानमारला गेलेली झुरळं त्यांच्याच गटाच्या कामातून आलेली. म्हणजे मुलीनं वाचलेल्या बचावाच्या बातमीची मुळं शोधत गेलं तर ती लष्करी पैशाच्या मातीत सापडतात. एवढ्यानं ते काम वाईट ठरत नाही. पण पोस्टरवर फक्त ढिगारा आणि माणूस दाखवायचा आणि हे वगळायचं, हे मला चालण्यासारखं नव्हतं.

आज हे काम कुठे पोचलंय ते मी मुलांना फळ्यावर काढून दाखवलं. जपानच्या रिकेन संस्थेत केंजिरो फुकुदा यांच्या गटानं २०२२ मध्ये झुरळाच्या पोटावर मिलिमीटरचा अडीचशेवा भाग जाडीचं सौर पटल बसवलं, म्हणजे बॅटरी उन्हात चार्ज होते. पण ते झुरळ मादागास्करचं, फुसफुसणारं, सहा-एक सेंटिमीटरचं; आपलं त्याच्यापुढे अगदीच किरकोळ. नानयांगच्या गटानं २०२५ मध्ये यंत्रमानवाच्या हातानं एका झुरळावर सगळा संच ६८ सेकंदांत बसवून दाखवला, आणि त्यात मिशा कापल्याच नाहीत. मान आणि छाती यांच्यामधल्या मऊ पडद्यातून ठोके दिले. ओसाका विद्यापीठात तर शस्त्रक्रियाच टाळली: झुरळाच्या डोक्यावर अतिनील प्रकाशाचं छोटं शिरस्त्राण, झुरळ उजेडापासून पळतं, तेवढाच इशारा.

"म्हणजे मिशी कापायची गरजच नव्हती?" मुलगी म्हणाली.

हा प्रश्न तिचा तिनं विचारला. त्या एका आठवड्यात मी शिकवलेल्या सगळ्यापेक्षा त्याची किंमत मला जास्त वाटते.

दुखतं का?

शुक्रवारी डबा आला, शनिवारपर्यंत व्हिडिओ चार ग्रुपवर फिरला, सोमवारी एका पालकांची लेखी तक्रार आणि त्याच दिवशी प्राचार्यांचं बोलावणं. तो भाग लांबवत नाही. प्राचार्यांना पेपरात नाव येऊ नये एवढंच हवं होतं. मुलीच्या आईलाही बोलावलं होतं. त्यांची तक्रार अगदी वेगळी निघाली.

"मार्गशीर्षातला गुरुवार होता सर. घट मांडलेला. नैवेद्यासाठी दूध काढायला फ्रीज उघडला तर वाटीत बर्फाचं पाणी आणि त्यात हे! मी म्हटलं मेलंय. ही म्हणते, नाही आई, भूल दिलीये."

भूल. इथून खरी गाठ सुरू होते. कीटकाला बर्फाच्या पाण्यात ठेवलं की त्याचे चेतातंतू थंडीनं मंदावतात आणि ते निपचित पडतं. पण निपचित पडणं म्हणजे वेदना नसणं असं नाही. शिवाय ऊब आली की थंडीचा असर जातो आणि कापलेलं थोटूक तसंच राहतं. नंतरच्या वेदनेवर या भुलीत काहीच उपाय नाही. अर्थात, वेदना असेल तर.

आमच्या लॅबचे मामा, तीस वर्षं तिथेच काम करतायत, त्यांना हा "असेल तर" हास्यास्पद वाटला. "सर, दिवाळीच्या सुट्टीत पेस्ट कंट्रोलवाला येऊन गेला. शंभर-दीडशे मी स्वतः झाडून टाकली. त्यांचं कोणी विचारलं नाय. ह्या एकाचं एवढं काय?"

मामांना उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले, आणि दिलेलं उत्तर अजून पुरतं पटलेलं नाही.

आधी विज्ञान. मी शिकत होतो तेव्हाचं मत सरळ होतं: कीटकांना वेदना नाही. १९८४ मध्ये आयझेमान आणि सहकाऱ्यांनी एक लेख लिहिला होता; त्यातली निरीक्षणं आजही अंगावर येतात. पाय चिरडलेला कीटक त्याच पायावर तेवढाच भार टाकून चालतो. मागून प्रार्थनाकीटक खात असताना पुढचं तोंड आपलं जेवण चालू ठेवतं. असे प्राणी लंगडत नाहीत, जखम जपत नाहीत, तर वेदना कसली? आम्ही त्या मतावर पोसलो. बारावीच्या प्रॅक्टिकलला झुरळाच्या लाळग्रंथी काढायच्या असत. क्लोरोफॉर्मची बाटली, मेणाचा ट्रे, टाचण्या. मी किती झुरळं कापली त्याची मोजदाद नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०११ आणि २०१४ मध्ये सूचना काढल्या आणि महाविद्यालयांतली विच्छेदनं थांबत गेली, तेव्हा माझ्यासारख्या बऱ्याच जणांनी नाकं मुरडली होती. त्यामुळे मुलीच्या डब्याकडे बघून मी धुतल्या तांदळासारखा आव आणणं शोभलं नसतं.

पण मधल्या काळात चित्र बदललं. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात लार्स चिटका यांच्या प्रयोगशाळेत मॅटिल्डा गिबन्स यांनी २०२२ मध्ये भुंगमाश्यांना, म्हणजे मोठ्या केसाळ मधमाश्यांना, दोन प्रकारची खाद्यपात्रं दिली: काही साधी, काही ५५ अंशांपर्यंत तापवलेली. दोन्हीकडे साखर सारखी असली की माश्या गरम पात्र टाळत. गरम पात्रात साखर बरीच जास्त असली की चटका सोसून तिथे जात. म्हणजे चटका बसला की पाय आपोआप मागे, इतकं ते सरळ नाही. आत कुठेतरी तोलून बघणं चालू आहे. त्याच वर्षी गिबन्स, चिटका, जोनाथन बर्च आणि इतरांनी तीनशेहून जास्त अभ्यास चाळून कीटकांच्या सहा मोठ्या गटांना आठ कसोट्या लावल्या: इजा ओळखणारे ग्राहक आहेत का, ते मेंदूशी जोडलेले आहेत का, वेदनाशामकानं वागणं बदलतं का, जखम जपली जाते का, वगैरे. प्रौढ झुरळं-वाळवी आणि माश्या-डास हे दोन गट आठपैकी सहा कसोट्यांवर टिकले. मधमाश्यांपेक्षाही वर. ज्यांना आपण निर्धास्तपणे चपलेनं मारतो नेमके तेच दोन.

यातून झुरळाला वेदना होते असं सिद्ध होत नाही. होत नाही असं छातीठोकपणे म्हणायची सोय तेवढी गेली.

मामांना मी असं म्हटलं: पेस्ट कंट्रोलमध्ये आपण झुरळाला घराबाहेर घालवतो, मारूनच घालवतो, पण त्याच्याशी आपलं काम तिथे संपतं. इथे आपण त्याला जिवंत ठेवून, त्याच्याच अंगातून, आपलं काम करून घेतोय. जो जीव वापरायला घेतला त्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. मामा म्हणाले, "म्हणजे मेलेल्याची नाय, जगलेल्याची?" मी हो म्हणालो खरं, पण त्यांच्या तोंडून ऐकल्यावर ते विचित्रच वाटलं.

भौतिकशास्त्राच्या मॅडमचा मुद्दा जास्त टोकदार होता. "बैलाच्या नाकात वेसण घालतोच ना आपण? घोड्याला लगाम, हत्तीला अंकुश. विजेची तार आली म्हणून एकदम पाप कसं?" याचं माझं उत्तर असं: वेसण दुखवते, पण फसवत नाही. बैलाला कळतं की ओढ कुठून येतेय, तो मान झटकतो, अडून बसतो, आणि वर्षातून एक दिवस का होईना त्याला पुरणपोळी मिळते. झुरळाला कळूच शकत नाही की भिंत नाहीये. मॅडमना हे फार भावनिक वाटलं. असेल. पण माणसाला प्राण्यावर ताबा मिळवताना जो आनंद होतो तो बटणानं किती स्वस्त झालाय, हे मी त्या शुक्रवारी माझ्याच अंगठ्यात अनुभवलं होतं.

मुलानं आणखी एक दाखला आणला. पाचूसारखी हिरवी एक गांधीलमाशी असते, अ‍ॅम्प्युलेक्स कॉम्प्रेसा. ती झुरळाला दोनदा डंख मारते, पहिला छातीत, दुसरा नेमका मेंदूत. दुसऱ्या डंखानंतर झुरळाची पळून जायची इच्छाच जाते. चालता येतं, पण स्वतःहून चालत नाही. मग ती त्याची मिशी अर्धी कुरतडते आणि उरलेलं थोटूक धरून, वेसण धरलेल्या बैलासारखं, त्याला आपल्या बिळात नेते. तिथे अंडं घालते आणि अळी त्याला आतून खाते. "सर, निसर्गच सायबोर्ग बनवतोय." दाखला नामी होता, मिशीच्या थोटकासकट. मी एवढंच म्हणालो की त्या माशीला दुसरा मेनू नाही. आपल्याकडे दुसरे प्रोजेक्ट आहेत.

कायदा काय विचारतो

वेदनेचा प्रश्न सुटला नाही, आणि सुटण्याची गरजही नव्हती. निर्णय दुसऱ्याच प्रश्नावर झाला, आणि तो प्रश्न मला कायद्यात सापडला.

या शहरात प्राण्यांवरची दया म्हटलं की बैल-घोडे आठवतात. परळच्या दवाखान्याचं नावच लोकांनी बैलघोडा हॉस्पिटल ठेवलं. पण १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात 'प्राणी' या शब्दाची व्याख्या आहे: माणूस सोडून कोणताही सजीव प्राणी. पाठीचा कणा असण्याची अट नाही. शब्दशः घेतलं तर डब्यातलं झुरळ त्यात बसतं. हाच कायदा नवं ज्ञान मिळवण्यासाठी किंवा जीव वाचवण्यासाठी केलेल्या प्रयोगांना मोकळीक देतो. मात्र कलम १७ मध्ये प्रयोगांसाठी जी उद्दिष्टं सांगितली आहेत त्यांतली दोन मी फळ्यावर लिहिली. पुस्तकं, प्रतिकृती, चित्रफिती यांनी काम भागत असेल तिथे शिक्षणासाठी प्राण्यांवर प्रयोग टाळावेत. आणि केवळ हाताला सफाई यावी म्हणून शक्यतो प्रयोग करू नयेत.

या दोन वाक्यांत वेदनेबद्दल अवाक्षर नाही. विचारलंय ते एवढंच: हे कशासाठी?

मुलीनं लगेच सांगितलं, "माणसं वाचवायला. एका बाजूला एक झुरळ, दुसऱ्या बाजूला एक माणूस."

मी तिला तिचंच सर्किट दाखवलं. दोन तारांनी टेबल लॅम्पला बांधलेलं, फक्त उजवीकडे वळणारं, दहाव्या वेळी न ऐकणारं झुरळ. कॅमेरा नाही, मायक्रोफोन नाही. हे भेंडीबाजारात कोणाला वाचवणार? सिंगापूरच्या गटाला ते उत्तर शोभतं, कारण त्यांनी झुरळ ढिगाऱ्यात नेलं, त्याच्या पाठीवर माणसाची ऊब टिपणारं काहीतरी होतं आणि अठरा-वीस वर्षांचं काम मागे होतं. त्यांनाही रोज स्वतःला विचारावं लागत असेल. तू त्यांचं समर्थन उसनं आणलंयस. तुझा प्रयोग काय दाखवतो? मिशीला ठोका दिला की झुरळ वळतं. ते १९९७ पासून माहीत आहे आणि व्हिडिओत दिसतं.

ती गप्प झाली. डोळ्यांत पाणी आलं, ते मला आवडलं नाही. मी जरा जास्तच वकिली केली होती. तिच्या घराच्या जिन्याखाली टेकू आहेत, माझ्या नाहीत.

मग ती हळूच म्हणाली, "पण सर, ते ऐकायचं का थांबलं, हे तर कोणी नीट दाखवलेलं नाही ना प्रदर्शनात?"

काय ठरलं

कापलेलं झुरळ प्रदर्शनात जाणार नाही, व्हिडिओही नाही. उजवी मिशी कापायची नाही. नवा प्रोजेक्ट तिच्याच प्रश्नावर: झुरळ एखाद्या खोट्या निरोपाला किती वेळात सरावतं? पण विजेनं नाही. प्लायवुडची दोन फुटांची गल्ली, वरून लाल दिवा, मोबाइल स्टँडवर. आणि शेपटीकडे असलेल्या दोन शिंगांसारख्या अवयवांवर रबरी फुग्यातून हवेची फुंकर. झुरळाला हवेची झुळूक म्हणजे शत्रू आला; चपलेची हवा लागताच ते पळतं ते यामुळेच. फुंकर येते, शत्रू येत नाही. पळणं कितव्या फुंकरीला थांबतं, ते मोजायचं. काही कापायचं नाही, काही चिकटवायचं नाही, आणि मोजून झाल्यावर झुरळं जिथून आणली तिथे परत. मामांनी याला स्पष्ट विरोध केला. "पकडलेलं झुरळ परत सोडायचं? गटारात? शेजारी काय म्हणतील?" शेवटी ती लॅबच्या मागच्या मोरीत गेली.

ढिगाऱ्याचा भाग मुलानं उचलला. पुठ्ठ्याचा कोसळलेला मजला, आत चार्जिंगवर गरम झालेला जुना मोबाइल 'माणूस' म्हणून, आणि चाकांची छोटी गाडी, तापमानाच्या सेन्सरसकट. दोन्ही मिळून एक पोस्टर. त्यात डार्पाची ओळ मी घालायला लावली. तिची जागा मुलीनं ठरवली, अगदी वर.

प्रदर्शनात उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. एका परीक्षकांनी विचारलं, यात सायबोर्ग कुठाय? मुलगी म्हणाली, "होता, सर. त्याला सुट्टी दिलीये."

उरला तो डब्यातला. सगळ्या प्रकरणात सर्वांत अवघड गोष्ट हीच होती, आणि ती कुठल्याच नियमात नव्हती. झुरळाची पिल्लं कात टाकताना तुटलेली मिशी पुन्हा उगवते. प्रौढ झुरळ कात टाकत नाही, म्हणून हे थोटूक कायमचं. तार उपसली तर जखम उघडी पडणार. बर्फात ठेवून संपवणं हा एक मार्ग होता आणि प्रामाणिकपणे सांगतो, मला तोच बरा वाटत होता. मुलगी ऐकेना. तिनं नखं कापायच्या कात्रीनं तारा थोटकाजवळ कापल्या, बर्ग स्ट्रिप तशीच राहिली. लॅबमधली जुनी काचेची टाकी, अंड्याच्या ट्रेचा तुकडा, ओला कापूस, आणि एक शंभर पानी वही. मी घातलेली अट फक्त वहीची होती: रोज एक नोंद, सुट्टी सोडून.

वही माझ्याकडे आहे. पहिले दहा दिवस नोंदी कंटाळवाण्या: खाल्लं, नाही खाल्लं, ट्रेखाली. अकराव्या दिवशी: "टाकीच्या कडेनं फिरताना बहुतेक वेळा उजवी बाजू काचेला." सतराव्या: "आज मोजलं. वीस फेऱ्यांपैकी सोळा वेळा उजवीकडे काच." म्हणजे जी मिशी उरली तिच्या बाजूला ते भिंत ठेवत होतं. ज्या बाजूनं आम्ही खोट्या भिंती दाखवल्या त्या बाजूला आता त्याला खरी भिंतही कळत नव्हती. हे वाक्य माझं. वहीत फक्त आकडे आहेत. मुलीनं त्याच पानावर खाली, पेन्सिलनं, उजव्या मिशीचं चित्र काढलंय, मूळच्या लांबीचं.

सहामाहीनंतर मुलं अभ्यासाला लागली आणि टाकी मामांकडे आली. त्यांनी कधी कबूल केलं नाही, पण संध्याकाळी कॉरिडॉरमध्ये हिट मारून झालं की ते हात धुऊन आत जायचे आणि टाकीत पार्ले-जीचा कोपरा टाकायचे.

मार्चमध्ये पुन्हा पेस्ट कंट्रोल आलं. मामांनी आदल्या दिवशीच टाकी उचलून स्टाफरूममध्ये, मॅडमच्या टेबलाखाली ठेवली होती. कॉरिडॉर, मोरी, लॅब झाल्यावर पंप पाठीवर घेतलेला मुलगा स्टाफरूमच्या दारात आला आणि टाकीकडे बोट दाखवून म्हणाला, "चाचा, इसको भी मारने का?"

"नको," मामा म्हणाले. "ते कॉलेजचं आहे."